उत्तरपत्रिका कपाटात, गुण पुण्यात

शिक्षकांच्या गप्पांमध्ये एक युक्तिवाद इतक्यांदा ऐकू येतो, की तो कधीच सिद्ध झालाय असं धरून लोक पुढचं बोलतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडच्या पंचायत समितीजवळ चहा पिताना ऐका, नाहीतर ढाणकी-मुळाव्याकडच्या एखाद्या शिक्षण परिषदेत मागच्या रांगेत बसून ऐका. सूर असा : "पोट्टं वाचतं का नाही हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच समजतं. त्याला चाचणी कशाला पाहिजे? पायाभूत घ्या, संकलित एक घ्या, संकलित दोन घ्या, तपासा, गुण भरा. बंद करा हे सगळं आणि आम्हाला शिकवू द्या."

'आम्हाला शिकवू द्या' ही तर राज्यभरच्या मोर्चांमधली घोषणा. तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या आधीच्या दोन वाक्यांशी. 'आम्हाला समजतंच' हा दावा खोटा आहे, आणि तो सगळ्यात महागात पडतो तो तांड्यावरच्या, बंदी भागातल्या, पैनगंगेच्या काठावरच्या गावांतल्या मुलांना. शहरातल्या मुलाचं शाळेत राहिलेलं शिकवणीत भरून निघतं. खरबीसारख्या गावातल्या पोराला शिकवणी कुठली?

आधी शिक्षकांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करून टाकू, म्हणजे पुढचं बोलायला मोकळे होऊ. महाराष्ट्रातल्या आजच्या चाचण्या 'स्टार्स' प्रकल्पातून आल्या. जागतिक बँकेच्या कर्जावरचा हा प्रकल्प २०२० मध्ये मंजूर झाला आणि त्यात देशातली सहा राज्यं होती. ऑगस्ट २०२३ मध्ये पायाभूत चाचणी झाली. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी, तिसरी ते आठवी. पाठोपाठ संकलित एक, मग संकलित दोन. छापील पुस्तिका शाळेत येते, मूल तिच्यातच उत्तरं लिहितं, शिक्षक उत्तरसूची समोर ठेवून तपासतो आणि गुण चॅटबॉटवर भरतो. ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे जातात. द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग. डोंगराच्या कडेला रेंज नाही. रात्री दहाला व्हॉट्सअॅपच्या गटात 'प्रलंबित शाळांची यादी' पडते आणि तिच्यात आपलं नाव दिसलं की जेवण गोड लागत नाही. या सगळ्या धावपळीनंतर शाळेकडे परत काय येतं? टक्केवारी. कधी एखादा रंगीत आलेख. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रकार चांगला ठाऊक आहे : वावरातली माती नेली, तपासली, पत्रिका कुठल्यातरी फायलीत लागली आणि पऱ्हाटीला खत मात्र दरवर्षीच्याच अंदाजाने पडलं.

एवढं मान्य केल्यावर शिक्षक म्हणतात, मग आमचंच खरं की! नाही. माती तपासून उपयोग झाला नाही, कारण पत्रिका शेतकऱ्याच्या हातात आली नाही. शाळेत तर पत्रिका शिक्षकाच्याच हातात आहे. पुण्याला गेले ते फक्त गुण. मुलांनी लिहिलेली उत्तरं शाळेच्या कपाटात, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात पडून आहेत. ती कुणी मागितली नाहीत म्हणून आपणही पाहिली नाहीत. दोष कुणाचा?

एक साधं गणित घ्या : ४०३ वजा १७८. उत्तर २२५. तीन मुलांचं चुकलं. एकाने लिहिलं ३७५, दुसऱ्याने २३५, तिसऱ्याने ५८१. तिघांनाही शून्य गुण, चॅटबॉटवर तिघंही सारखे. पण गठ्ठा सोडून पाहिलं तर ही तीन वेगळी मुलं आहेत. ३७५ लिहिणारा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो. तीनातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातून तीन काढले. त्याला दशक सुटा करणं ही गोष्टच कळलेली नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे हातात द्यावे लागतील, फळ्यावर कितीही वेळा करून दाखवलं तरी उपयोग नाही. २३५ वाला जवळजवळ पोचला आहे. त्याने शतक मोडलं, दहा दशक केले, त्यातला एक दशक एककाला दिला, पण उरलेले नऊ लिहायला विसरला, दहाच धरले. मधे शून्य आलं की तो अडखळतो, शून्य नसलेली वजाबाकी त्याला येते. त्याच्याशी दहा मिनिटं बसलात की काम झालं. आणि ५८१ वाल्याने बेरीज केली, तीही हातच्यासकट अचूक. त्याला गणित येतं, प्रश्न वाचता आला नाही किंवा चिन्हाकडे लक्ष गेलं नाही. त्याचा इलाज गणिताच्या तासाला नाहीच, वाचनाच्या तासाला आहे.

आता सांगा, हे पहिल्या आठवड्यात समजलं होतं? पहिल्या आठवड्यात समजतं ते इतकंच की ही तिघं 'कच्ची' आहेत. तेवढ्या ज्ञानावर आपण काय करतो? तिघांनाही एकत्र बसवून पुन्हा तीच वजाबाकी, जरा मोठ्या आवाजात. २३५ वाला कंटाळतो, ३७५ वाल्याला पुन्हा कळत नाही, ५८१ वाला बेरीज करत बसतो.

'मुलं आम्हाला माहीत आहेत' या वाक्यात माहीत असण्याचे दोन अर्थ मिसळले आहेत. शिक्षकाला मुलाचं घर माहीत असतं, बाप काय करतो, कोणत्या दिवशी मूल उपाशी आलं, कोणाला मारलं तर ते आठवडाभर येत नाही. हे ज्ञान कोणत्याही चाचणीत मावत नाही आणि ते अमूल्य आहे. पण मूल कुठे अडलं हे वेगळं ज्ञान आहे आणि ते प्रेमाने आपोआप मिळत नाही. वर्गात प्रश्न विचारला की हात वर करणारी पाच-सहा मुलं ठरलेली असतात. बाकीची त्यांच्या मागून सुरात सूर मिसळतात. पाढे म्हणताना तर शेवटच्या अक्षराचा आवाज तेवढा सगळ्यांचा असतो. मागच्या ओळीतली, घरात गोरमाटी बोलणारी पोरगी वर्षभरात एकटीने उत्तर देते ते बहुधा याच पेपरात. ती पुस्तिका न उलगडता कपाटात टाकली, म्हणजे तिचं एकमेव बोलणं आपण ऐकलंच नाही.

भाषेच्या पेपरात तर हे आणखी ठळक दिसतं, आणि उमरखेडसारख्या तालुक्यात जास्तच. इथे विदर्भ संपतो आणि नदी ओलांडली की मराठवाडा लागतो. तांड्यांवर गोरमाटी, आदिवासी पाड्यांवर त्यांच्या त्यांच्या बोली, बाजारपेठेत उर्दू, गावात वऱ्हाडी आणि मराठवाडी यांची सरमिसळ. एका मुलाने 'शाळा'ऐवजी 'शाया' लिहिलं, दुसऱ्याने 'शाळ'. उत्तरसूचीप्रमाणे दोन्ही चूक, दोघांचा गुण गेला. पण पहिल्याला अक्षर आणि आवाज यांचं नातं पक्कं कळलं आहे. घरात जसं बोलतात तसं त्याने इमानाने लिहिलं. त्याच्या लेखनाचं खरं तर कौतुक करायला हवं आणि मग पुस्तकात हे कसं लिहितात ते दाखवायला हवं. दुसऱ्याचा काना सुटतो. तो सगळीकडे सुटतो का, की फक्त शब्दाच्या शेवटी, हे त्याच्याच पुस्तिकेत पुढच्या दोन पानांवर दिसेल. 'आई'च्या जागी गोरमाटीतला 'याडी' लिहिणाऱ्या मुलीचं तर काहीच चुकलेलं नाही. तिला मराठीचा एक शब्द कमी पडला, एवढंच. या तिघांना एकच 'शुद्धलेखन – दहा ओळी' हा इलाज म्हणजे तिघांपैकी कुणाचंच न पाहणं.

संघटनांच्या निवेदनांमध्ये शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ हमखास असतं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असं ते सांगतं. ते जरूर उद्धृत करावं. पण त्याच कायद्यात तीन कलमं अलीकडे जा. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत आणि त्यातलं एक असं, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखावी आणि त्यानुसार लागेल तिथे जादा शिकवावं. जोखणं आणि त्यानुसार शिकवणं ही दोन्ही कामं कायद्याने एकाच वाक्यात, एकाच माणसाकडे दिली आहेत. चॅटबॉटवर गुण भरणं अशैक्षणिक आहे, यावर मी सही करायला तयार आहे. उत्तरपत्रिका वाचणं अशैक्षणिक आहे असं कुणी म्हणालं, तर त्याने शैक्षणिक म्हणजे काय ते आधी सांगावं.

याच विरोधाचा एक शिकलेला अवतारही आहे. तो म्हणतो, संशोधनानेच सिद्ध झालंय की चाचण्यांच्या असल्या अहवालांनी काही होत नाही. हे लोक ज्या अभ्यासाकडे बोट दाखवतात तो खरा आहे आणि चांगला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये तो केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. शंभर शाळांना मुलांच्या चाचणीचे तपशीलवार निदान-अहवाल दिले, शिकवणं अधूनमधून येऊन पाहिलं. पाहणारा आला की शिक्षक जास्त उत्साहाने शिकवताना दिसले, पण वर्षअखेरीस मुलांच्या शिकण्यात इतर शाळांच्या तुलनेत फरक पडला नाही. झालं, चाचणीचा निकाल लागला!

पण लागलेला निकाल नीट वाचू. अहवाल बाहेरून तयार होऊन आला होता. तो देऊन झाल्यावर वेळापत्रक तेच राहिलं, पाठ्यपुस्तकाचा वेग तोच, वर्गातली बसण्याची रीतही तीच. त्याच संशोधकांना असंही आढळलं, की जिथे शिक्षकांना मुलांच्या प्रगतीवर बक्षीस होतं तिथे तेच अहवाल कामी आले. मला बक्षिसाची योजना पटत नाही, त्याची कारणं पुढे येतीलच. पण तो अहवाल निरुपयोगी नव्हता, तो वापरायला कारण आणि मुभा नव्हती, हे तर त्यातून दिसतंच. आता दुसरीकडे पाहा. हरियाणात 'प्रथम' या संस्थेच्या पद्धतीने सरकारी शिक्षकांनीच काम केलं. रोजचा एक तास वेगळा काढून दिला. त्या तासाला इयत्ता विसरून मुलं वाचनाच्या पातळीप्रमाणे बसली. वरिष्ठांना वर्गात येऊन मदत करण्याचं प्रशिक्षण मिळालं. तिथे हिंदीच्या वाचनात फरक पडला. गणितात मात्र पडला नाही, हेही सांगायला हवं; आपल्या बाजूचं तेवढं उचलण्याची सवय आपण विरोधकांनाच राहू देऊ. चाचणी दोन्हीकडे होती. फरक चाचणीनंतरच्या तासात होता.

आता खात्याकडे वळतो, कारण शिक्षकांच्या मनात चाचणीबद्दल एवढी अढी बसली ती उगाच नाही. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा कल्पना सुंदर होती : आकारिक मूल्यमापन म्हणजे शिकवता शिकवता पाहणं, वर्णनात्मक नोंदी म्हणजे मुलाबद्दल शब्दांत लिहिणं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या 'सृजन आनंद'सारख्या शाळांमधून आधीपासून घडत होतं त्याचंच ते सरकारी रूप. खात्याने नोंदवह्यांची तपासणी सुरू केली आणि दोन-तीन वर्षांत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. 'कवितेचे तालासुरात गायन करतो.' 'परिसराची स्वच्छता ठेवतो.' राज्यभरची लाखो मुलं एकाच वाक्यात गाऊ लागली. मग जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं आणि शाळा 'प्रगत' घोषित करण्याची घाई सुरू झाली. 'अप्रगत' हा शब्द तेव्हापासून मुलांना चिकटला आहे तो अजून सुटलेला नाही. जी चाचणी वर जाऊन शाळेचा क्रमांक ठरवते, तिच्यात खालून खरं जाणार नाही, हे समजायला संशोधन लागत नाही. तरी तेही झालं आहे. मध्य प्रदेशातल्या शासकीय चाचण्यांची अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञाने फेरतपासणी केली, तर कागदावरची पातळी खऱ्यापेक्षा पुष्कळ फुगलेली निघाली. अमेरिकेत तर गुणांवर नोकऱ्या आणि बोनस टांगले गेले, अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांची उत्तरं खोडून बरोबर केली आणि २०१५ मध्ये त्यातले अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. बक्षिसाची योजना मला का पटत नाही, ते यात आलं.

उमरखेडसारख्या ठिकाणी तर क्रमांक लावणं हे निव्वळ अडाणीपणाचं आहे. पायाभूत चाचणी पावसाळ्यात होते तेव्हा तांड्यावरची मुलं गावात असतात. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आईबापांबरोबर मुलंही जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही नाही. संकलित दोनच्या वेळी वर्गात बसलेली मुलं तीच आहेत का? जी परत आलीत ती चार महिने कुठल्या तालुक्यात, कुठल्या शाळेत होती, किंवा शाळेत होती तरी का? दोन सरासऱ्या शेजारी ठेवून 'प्रगती' किंवा 'अधोगती' काढणाऱ्याने आधी हजेरीपट पाहावा. राज्याला राज्याचं चित्र हवं असेल तर त्यासाठी नमुना पाहणी पुरते. डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीची 'परख' राष्ट्रीय पाहणी निवडक शाळांमध्येच झाली. 'असर'ची पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन होते, तीही नमुन्यावरच. देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली, हे त्यातूनच कळलं. त्यासाठी कुठल्याही शिक्षकाला रात्री दहाला रेंज शोधत टेकडीवर चढावं लागलं नाही. मग प्रत्येक मुलाचा प्रत्येक गुण वर्षातून तीनदा पुण्याला कशासाठी हवा, याचं उत्तर खात्याने द्यावं.

म्हणून माझं संघटनांना सांगणं असं, की तुमच्या मागणीचा मजकूर चुकला आहे. 'चाचण्या बंद करा' म्हणालात तर खातं दोन गोष्टी सहज करेल : ही चाचणी बंद करून वेगळ्या नावाची दुसरी आणेल, आणि शिक्षकांना मुलांच्या शिकण्याशी देणंघेणं नाही असं पालकांना सांगेल. मागा ते असं : गुण भरणं बंद, पुस्तिका शाळेच्या मालकीची, आणि प्रत्येक चाचणीनंतरचे दोन आठवडे पाठ्यपुस्तक पुढे न नेण्याची लेखी मुभा. तिसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची आणि खात्याला सगळ्यात जड जाणारी आहे. चूक सापडली आणि ती दुरुस्त करायला वेळापत्रकात जागाच नसेल, तर सापडून उपयोग काय?

"एवढे पेपर बारकाईने वाचायला वेळ कुठे?" हा शेवटचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. सगळे वाचायचेच नाहीत. जिथे अर्ध्याहून जास्त मुलं चुकली असा एकच प्रश्न निवडा. त्या एका प्रश्नाची सगळी पानं उघडून टेबलावर पसरा आणि चुकीच्या उत्तरांचे ढीग करा. सारखी चूक एका ढिगात. वीस मुलांच्या वर्गात चारपेक्षा जास्त ढीग होणार नाहीत. दुपारचा एक तास पुरतो. मुलाच्या हातात पुस्तिका देताना गुण आधी दाखवू नका. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये केलेल्या, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या वेळी सुधारली; गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली सुधारली नाहीत. आपल्याही वर्गात हेच घडतं : मूल आकडा पाहतं, शेजाऱ्याचा आकडा पाहतं आणि वही मिटतं.

इथे द्विशिक्षकी शाळेचा एक फायदा कुणी मोजत नाही. शहरातल्या एका इयत्तेच्या, पन्नास मुलांच्या वर्गात गट पाडायचे म्हणजे शिक्षकाच्या अंगावर काटा येतो. तांड्यावरच्या शाळेतला गुरुजी मात्र नोकरीला लागल्यापासून एका खोलीत तिसरी आणि चौथी सांभाळतो. एकाला काम देऊन दुसऱ्याला शिकवणं त्याच्या हाडात भिनलं आहे. त्याने फक्त इयत्तेच्या जागी चूक ठेवायची. तिसरीतला आणि चौथीतला ३७५ वाला एकाच काड्यांच्या ढिगापाशी बसले, तर दोघांनाही लाज वाटत नाही, कारण ते तसेही एकाच सतरंजीवर बसतात.

आणि महिन्याची शिक्षण परिषद. तिच्यात सध्या परिपत्रकं वाचली जातात, जी सगळ्यांच्या मोबाईलवर आधीच आलेली असतात. केंद्रप्रमुखांनी प्रत्येक शाळेला मुलाचं नाव झाकून तीन चुकलेली उत्तरं आणायला सांगावं आणि दोन तास फक्त त्यावर बोलावं : हे मूल असं का म्हणालं असेल, तुम्ही काय केलं, त्याने फरक पडला का. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी यायचं तर हातात तक्ता न घेता यावं.

संकलित एक साधारण दिवाळीच्या आगेमागे येते, म्हणजे टोळ्या निघण्याच्या सुमारास. स्थलांतरित मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी कार्डाची सोय केलेली आहे. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला दाखल करून घ्यायचं. त्या कार्डावर नाव आणि इयत्ता तर हवीच, पण खाली एक ओळ आणखी लिहून द्यावी : 'वजाबाकीत मधे शून्य आलं की चुकते, बाकी येते, वाचन चांगलं, ळ च्या जागी य लिहिते.' साखर कारखान्याच्या परिसरातल्या अनोळखी शाळेतल्या शिक्षकाला एवढं वाचून दुसऱ्या दिवशी कामाला लागता येईल. '४२ टक्के' वाचून तो काय करेल?